साकोलीचे पाच चोर

मिरजेहून साकोलीला सहलीसाठी कोणी जात नाही. मीही गेले नव्हते. मी गेले होते चौकशीला, आणि चौकशी माझ्या लेकीच्या होऊ घातलेल्या सासरची होती. परत आल्यापासून शेजारणी विचारतात, "तिकडं बघण्यासारखं काय आहे हो?" त्यांना मी तलाव सांगते, धानाची शेतं सांगते, उकडलेले शिंगाडे सांगते. बाकीचं इथं लिहिते.

आधी माझा स्वभाव सांगून टाकते. मी शिक्षिका होते आणि बोर्डाच्या परीक्षा आल्या की भरारी पथकात माझं नाव ठरलेलं असायचं. पोराच्या नुसत्या मानेवरून चिठ्ठी बाहीत आहे की मोज्यात, ते मला कळायचं. मी निवृत्त झाले, ती नजर काही झाली नाही. शिवाय आम्ही बौद्ध. आडनाव ऐकलं की समोरच्याचा चेहरा अर्धा क्षण थांबतो आणि मग जरा जास्तच गोड होतो, हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून बघत आलेय. त्यामुळे "आमच्यात जात मानत नाहीत हो" असं कोणी म्हणालं की मी आधी त्याची जात शोधते.

माझी एकुलती एक मुलगी मुक्ता साकोली तालुक्यात कृषी सहायक आहे. एकोडी गावात खोली घेऊन राहते. दिवाळीत घरी आली तेव्हा चकली मोडता मोडता म्हणाली, "आई, मला एक मुलगा आवडलाय. हरप्रीत नाव. हायवेवर त्यांचं हार्वेस्टरच्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. शीख आहेत. त्यांच्यात जात मानत नाहीत."

"हो का?" मी म्हणाले.

"हे तुझं 'हो का' मला माहीत आहे. तू ये. थोडे दिवस राहा, सगळ्यांना भेट, आणि रविवारी गुरुद्वारात लंगर झाला की तुझं उत्तर सांग. तू नाही म्हणालीस तर मी विचार करेन."

"नुसता विचार?"

"विचार करेन म्हणतेय, हे काय कमी आहे?"

कमी नव्हतं. तिच्या वयात मी तेवढाही केला नव्हता. मी बॅग भरली.

साकोली

रेल्वेत सगळ्यांचं जे होतं तेच माझं झालं, ते सांगत बसत नाही. साकोलीच्या स्टँडवर उतरले तर मुक्ताशेजारी आकाशी पगडीचा एक उंच मुलगा उभा. त्याने वाकून नमस्कार केला. पंजाबी वळणाची हिंदी ऐकायची म्हणून मी मनाची तयारी करून आले होते, आणि तो म्हणाला, "काकू, बहुत लांबून आल्या तुमी. थकल्या असान. पयले नाश्ता करून घेऊ, मंग जाऊ."

मी मुक्ताकडं बघितलं. "असाच बोलतो तो," ती हसून म्हणाली. "जन्मच इथला. आजोबा ट्रक चालवत आले आणि इथंच राहिले."

हॉटेलात गरम आलुबोंडे आले, वर तर्री ओतलेली. "काकूले तिखट कमी द्या," हरप्रीतने हॉटेलवाल्याला सांगितलं. इतकी काळजी पहिल्या भेटीतच कशाला, असं मनात येऊन मी मुद्दाम तर्री जास्तीची मागून घेतली. तिखटाचं आम्हाला काय सांगता! मग बराच वेळ मला बोलता आलं नाही. तेवढ्या वेळात दोघांनी डोळ्यांनी काय काय बोलून घेतलं कोण जाणे.

एकोडीला जाण्याआधी त्याने गाडी गुरुद्वारासमोर थांबवली. हायवेला लागून छोटीशी पांढरी इमारत, उंच केशरी निशाण, अंगणात दोन ट्रक. दाराशी चपला ठेवायची जागा होती. तिथं करड्या दाढीचा एक माणूस पाटावर बसून कुणाचे तरी बूट फडक्याने पुसत होता. मला बघून त्याने दोन्ही हात पुढं केले. "द्या ताई."

माझ्या चपला कोऱ्या होत्या, दिवाळीला घेतलेल्या. देवळांच्या दारात चपला कुठं जातात ते मला माहीत आहे. "राहू दे, राहू दे," म्हणत मी बाजूला झाले, चपला प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि पिशवी खांद्यावरच्या झोळीत. डोक्यावर पदर घेऊन आत जाऊन बसले. पोथीमागं बसून वाचणारे एक म्हातारे, हे तिथले ग्रंथी, त्यांना सगळे भाईजी म्हणत. वाचन संपल्यावर ओंजळीत गरम शिरा मिळाला. बोटांना लागलेलं तूप मी वास घेऊन तपासलं. तूप अस्सल होतं.

बाहेर आल्यावर मुक्ता कुजबुजली, "आई, चपला कुठायत तुझ्या?"

"झोळीत."

"आत घेऊन गेलीस? दरबारात?" तिचा चेहरा लालबुंद झाला. "आणि दाराशी ज्यांना तू चपला दिल्या नाहीस ना, ते हरप्रीतचे बाबा होते."

मागं भाईजी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. आता रागावणार असं वाटलं, पण ते हसले. "बहनजी, चोर का डर था?"

"होता," मी म्हणाले.

"डर सही है. मगर चोर तो आपके साथ ही अंदर चले गए होंगे. मेरे साथ भी जाते हैं. पाँच हैं."

काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार, अशी त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. शाळेत मी षड्रिपू इतक्यांदा शिकवलेत की मला लगेच एक कमी असल्याचं लक्षात आलं. "आमच्याकडे सहा आहेत. मत्सराला तुम्ही सूट दिलीत वाटतं?"

"वो अहंकार के घर में किराए से रहता होगा," भाईजी म्हणाले, आणि आम्ही पायरीवरच बसलो. त्यांचं म्हणणं असं, की आपण त्यांना रिपू म्हणतो, शत्रू. शत्रू समोरून येतो, त्याच्याशी लढता येतं. गुरूंनी त्यांना चोर म्हटलं, कारण ते घरातलेच होऊन राहतात. आपण जागे नसलो की घरातलं एकेक उचलून नेतात, आणि आपल्याला वाटतं हे आपणच खर्च केलं. माणूस जन्मतः पापी असं त्यांच्यात नाही. मी, माझं, माझ्यामुळं, या धुंदीत तो देवाला विसरतो आणि चोरांचं फावतं. सगळ्यांत थोरला चोर तो 'मी'. तो जायचा तर दुसऱ्याची सेवा करायची, तीही खालची, जोड्यांची, भांड्यांची.

ऐकायला छान होतं. मला छान गोष्टींचाच संशय येतो.

एकोडी

आमच्याकडं ऊस, इकडं धान. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापून त्याचे ढीग, पुंजणे म्हणतात त्यांना, शेतात उभे होते. भारी धान अजून पिवळाजर्द डोलत होता. बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि बांधीला पाणी देणाऱ्या लहान तळ्याला बोडी. बोडीत शिंगाड्यांचे वेल पसरलेले. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. तिसऱ्या जेवणाला मी भाकरीची आठवण काढली तर मुक्ताच्या घरमालकीण कमलाबाई म्हणाल्या, "भाकरीनं पोट भरते का बाई? मले त वाटते भाकर म्हणजे नुसतं चावाचं काम."

कमलाबाईंची चार-पाच बांध्यांची शेती. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा मी हळूच बघून घेतलं. मुक्ताचा पेला आणि त्यांचा पेला एकाच मांडणीवरून आला होता आणि धुऊन त्याच मांडणीवर गेला. बाई पास.

"बल्लूभाऊच्या घरी पोरगी देऊन राहिल्या म्हणे," त्या म्हणाल्या. बल्लूभाऊ म्हणजे बलवंतसिंग, हरप्रीतचे बाबा. "माणूस चांगला हाय. पण एक सांगतो, माह्यं नाव नोका घेजा. त्याले गुरुद्वारात सजा भेटली म्हणते. रोज सकाळी जोडे पुसून राहिला. काय केलन् त कोणालेच मालूम नाही. त्याहिचे लोक तोंडच उघडत नाही."

मी पेला खाली ठेवला. सजा! म्हणजे ती सेवा नव्हती, शिक्षा होती. आणि माझी मुलगी त्या घरात जायची होती.

त्या रात्री मुक्ता झोपल्यावर मी पाच चोर पुन्हा मोजले. पाच पर्याय, त्यातला एक बरोबर. लोभ? वर्कशॉप जुनं, घर साधं, गाडीची काच तडकलेली. लोभी माणूस काच तरी बदलतो. क्रोध? आवाज मऊ. मोह? मोहासाठी कोणी जोडे पुसायला लावत नाही. अहंकार? जो सगळ्यांच्या पायांतलं पुसतो त्याला कसला अहंकार! राहिला एकच, आणि तो सगळ्यांत वाईट. बाईची भानगड असणार. सगळ्यांची तोंडं बंद आहेत ती त्यामुळंच. मला उत्तर सापडलं होतं, पुरावा तेवढा हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाबाईंच्या दारात मोटारसायकल थांबली. खिडकीतून पाहिलं तर बलवंतसिंग, हातात शिंगाड्यांची पिशवी. "अंघोळ करतेय म्हणून सांगा," मी कमलाबाईंना म्हणाले आणि पडद्याआडून बघत राहिले. तो माणूस अंगणात बराच वेळ उभा राहिला. मग पिशवी ओट्यावर ठेवून गेला. शिंगाडे फार गोड होते. ते खातानाही मी म्हणत होते, लाच आहे ही.

दुपारी मुक्ताबरोबर बांधीवर गेले. हरप्रीतचं हार्वेस्टर चिखलात फसलं होतं. जमीन अजून ओली होती, त्याने आदल्या दिवशीच नको म्हटलं होतं, पण शेतकऱ्याला घाई. आता तो शेतकरी हरप्रीतवरच ओरडत होता. हरप्रीतने एकदाच, "मी म्हणलो होतो ना भाऊ," म्हटलं आणि पँट दुमडून चिखलात उतरला. साखळदंड लावून यंत्र निघालं तेव्हा तो कमरेपर्यंत काळा झालेला. हात धुवायला बोडीवर आला, तिथं मी त्याला गाठलं.

"तुझ्या बाबांनी काय केलं?"

तो वाकलेला तसाच थांबला. मग उभा राहिला. "काकू, ते त्याहिनंच सांगावं लागते. मी सांगलो त चुगली होते."

"मुलीच्या आईला सांगणं म्हणजे चुगली?"

"माह्या तोंडातून निघाली का चुगलीच होते. तुमी त्याहिलेच इचारा ना. ते तुमाले भेटालेच पाहून राहिले."

काय शिकवून ठेवलंय या लोकांनी एकमेकांना! संध्याकाळी मी मुक्ताला माझा निष्कर्ष सांगितला. बाईची भानगड, दुसरं काही नाही. ती भांडेल असं वाटलं होतं. ती भांडली नाही. पांढरीफटक पडली आणि म्हणाली, "आई, असलं काहीएक नाही. आणि ज्या माणसाबद्दल तुला काही माहीत नाही, त्याच्याबद्दल हे परत बोलू नकोस."

"म्हणजे तुला माहीत आहे."

ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तिला माहीत होतं. माझ्याच पोटची पोर चिठ्ठी मुठीत दाबून बसली होती, आणि मला ती दाखवत नव्हती. इतकं एकटं मला मिरजेत रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं. रविवारी नाही म्हणायचं, असं मी त्याच वेळी ठरवून टाकलं.

पुन्हा गुरुद्वारा

तरी शनिवारी एकटीच रिक्षा करून भाईजींकडं गेले. शेवटची साक्ष. बलवंतसिंग त्या वेळी वर्कशॉपवर असतो, हे आधी काढून घेतलं होतं. चपला या वेळी फळीवर ठेवल्या.

"तुमच्यात शिक्षा कशाबद्दल देतात?" मी सरळ विचारलं.

भाईजींनी समजावून सांगितलं. मर्यादा मोडली तर माणसाने स्वतः हात जोडून संगतीपुढं, म्हणजे जमलेल्या सगळ्यांपुढं, उभं राहायचं आणि आपल्या तोंडाने काय केलं ते सांगायचं. पाच जण विचार करून त्याला सेवा नेमून देतात. त्याला तनखाह म्हणतात. ती सेवा संपली की तो पुन्हा सगळ्यांसारखाच. त्यानंतर ती गोष्ट कोणी काढायची नाही.

"म्हणजे झाकून टाकायची."

"नहीं बहनजी. उसने तो सबके सामने खोल दी. अब हम पीठ पीछे उसकी बात करें, तो उसका मैल हम अपने सिर पर ढोएँगे." पाठीमागं एखाद्याचं वाईट बोलणं हेही त्यांच्यात मोठं पाप धरतात. ज्याची निंदा केली त्याचं मळकं धुणं आपण फुकट धुतो, आणि स्वतः मळून निघतो.

"आणि ज्याच्या घरात मुलगी द्यायची आहे, त्याने काय करायचं? अंधारात उडी मारायची?"

 भाईजींनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "आप उनसे मिलिए. वो आपको ढूँढ रहे हैं, और आप सारे गाँव से मिल रही हैं, बस उन्हीं से नहीं."

मला हे झोंबलं. म्हाताऱ्याने माझा पेपर तपासला होता. तरी वाटलं, हाही त्यांच्यातलाच.

रविवारी लंगराला गेले ती उत्तर तयार ठेवूनच. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोठा तवा तापला होता. भोवती बायका रोट्या लाटत होत्या, पुरुष डाळ ढवळत होते, एक ट्रक ड्रायव्हर कांदे चिरत होता. पंगतीत सगळे एका सतरंजीवर, तेही मान्य. पण पंगतीत शेजारी बसवणं सोपं असतं. कोणाचा हात कणकेला लागू देतात, ते बघावं. म्हणून मी सरळ चुलीकडं जाऊन उभी राहिले.

हरप्रीतची आई तव्यापाशी होती. तिने मुक्ताला हाक मारली, "ये ना बेटा, बस माह्याजवळ." त्या हाकेत नुसतं बोलावणं नव्हतं, काकुळती होती. मुक्ता म्हणाली, "नको, मी बाहेर लसूण सोलते." आणि ती बाहेर वऱ्हांड्यात जाऊन लसूण घेऊन बसली.

माझी मुलगी चौथीत असल्यापासून भाकरी थापते. गोतावळ्यातलं कुठलंही कार्य असो, ती कणकेच्या परातीला पहिली भिडते. तिची मान मी बघितली. परीक्षेच्या वर्गात अशा माना मी ओळखत असे, पण ही मान काही लपवणाऱ्याची नव्हती. दुखावलेल्याची होती. 

मी तिच्यासमोर जाऊन बसले. "मुक्ता, इथं काय झालं होतं?"

ती बोलायच्या आधी मागून आवाज आला. "मी सांगतो ताई." बलवंतसिंग हात पुसत उभा होता. जोड्यांचं फडकं खांद्यावर. तो आमच्यासमोर जमिनीवर बसला.

"मी तुमच्याशी बोलाले घरी आलो होतो. शिंगाडे घेऊन."

"मी तेव्हा अंघोळ करत नव्हते," मी म्हणाले.

"मालूम हाय. खिडकीत दिसल्या होत्या." तो हसला नाही. "राखीच्या आधीची गोष्ट होय. मुक्ताबेटी पयल्यांदा अठी आली होती. आत तव्यापाशी बसून रोट्या लाटून राहिली होती. मी तेलाचा डबा ठेवाले गेलो. इचारलो, बेटी, तुमी कोण लोक? तिनं सीधं सांगलन, आमी बौद्ध. मी म्हणलो, असं कर, तू भाहेर बसून लसूण सोल. एवढंच. जोरात बी नाही बोललो. कोणाले आयकू नाही गेलं. ती उठली, लसूण सोललन, जेवली आन गेली."

माझ्या कानांत सूं असा आवाज सुरू झाला. समोरचा लसूण दिसेना. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, हे खरं सांगते. माझ्या आईला ज्या शब्दांनी उठवत, मला ज्या गोड आवाजात बाजूला बसवत, ते मी नोकरी करून, घर बांधून, मुलीला शिकवून मागं टाकलं असं समजत होते. ते इथं, हजार किलोमीटरवर, जिथं जात विचारत नाहीत त्या घरात, माझ्या पोरीची वाट बघत बसलं होतं.

"मंग तिनं कोणालेच नाही सांगलन," तो बोलत राहिला. "हरप्रीतले बी नाही. मले वाटलं, संपलं. पण रोज पंगतीत बसलो का घास फिरे तोंडात. गुरूनं पंगत कायच्यासाठी मांडली? कोणी कोणाले तू कोण म्हणून इचारू नये म्हणून. आन मी गुरूच्या चुलीपाशी उभा राहून इचारलो. पंजाबात आमचं गाव हाय, जमीन हाय, नाव हाय म्हणते. मी ते गाव पाह्यलो बी नाही. पण त्याचा घमंड बराबर रगतात हाय. एक दिवस संगतीपुढं उभा राहिलो आन सांगून टाकलो. हुकूम झाला, जोडे पुस."

म्हणजे बरोबर पर्याय अहंकार होता, आणि तोच मी त्या रात्री खोडला होता.

"अजून किती दिवस पुसायचेत?" माझा आवाज मलाच कर्कश लागला.

"हुकुमाचे दिवस त कवाच संपले. आता आपल्या मनानं पुसतो."

"लोकांना दाखवायला?"

त्याने विचार केला. खरंच विचार केला, मी चेहरा बघत होते. "थोडंसं दाखवाले बी असंन," तो म्हणाला. "तो बी चोरच. भाईजी म्हणते, तरी पुसत राह."

"आणि आता माझ्याकडं माफी मागताय? ती माझ्या हातात नाही. मला तो अधिकार नाही."

"माफी मागून नाही राहिलो ताई. तिलेबी नाही मागलो, मागलो असतो त तिले द्यावीच लागली असती. मी सांगून राहिलो. लेक द्याच्या आधी तुमाले मालूम पाह्यजे, ती कोणाच्या घरात येऊन राहिली ते." एवढं बोलून तो उठला आणि पंगतीकडं गेला.

मुक्ता रडत होती. मीही. आतून चिरलेल्या कांद्याचा वास येत होता, ते निमित्त दोघींना बरं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नाही."

"हरप्रीतला मी एकच अट घातली होती," ती म्हणाली. "त्यांनी तुला स्वतः सांगायचं. मी नाही, हरप्रीतने नाही. ते सांगणार नाहीत असं मला वाटायचं. आई, मला खरंच तसं वाटायचं. आता तू बोल."

 आयुष्यभर मी खिसे उलटे केले, बाह्या झटकल्या. पकडल्यावर रडणारी, पाया पडणारी, बाप कोण आहे ते सांगणारी खूप पाहिली. कोणी विचारलं नसताना, कोणी पाहिलं नसताना, आपल्या हाताने चिठ्ठी काढून माझ्या टेबलावर ठेवणारं पोर माझ्या वाट्याला एकही आलं नव्हतं. हा माणूस मला आवडला नव्हता, लवकर आवडेल असंही नाही. पण त्याच्यावर पहारा ठेवावा असं मला वाटेना, आणि हे माझ्या बाबतीत नवीनच होतं.

"बोलते," मी म्हणाले. "आधी ऊठ. आत चल, रोट्या लाटायच्यात."

"आई, नको."

"नको काय! ऊठ."

मी तिचा हात धरून तिला तव्यापाशी नेलं. हरप्रीतच्या आईने सरकून जागा केली आणि लाटणं मुक्ताच्या हातात दिलं. मीही बसले. माझ्या रोट्या भाकरीसारख्या जाड झाल्या, त्यावर बायका मनापासून हसल्या. मुक्ताच्या टम्म फुगल्या. त्या टोपलीत भरून मी वाढायला निघाले.

बलवंतसिंग पंगतीच्या टोकाला बसला होता. लंगरात रोटी घ्यायची तर दोन्ही हात एकत्र करून पुढं धरायचे, वाढणारा त्यावर रोटी ठेवतो. त्याने हात पुढं केले.

"ही मुक्तानं लाटलीय," मी म्हणाले.

त्याची मान खाली गेली, हात तसेच राहिले. मी रोटी ठेवली. पुढच्या माणसाकडं जायचं सोडून मी तिथंच उभी राहिले. त्याने तुकडा मोडला, डाळीला लावला, खाल्ला. डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं, त्याने ते पुसलं नाही. शेवटचा घास संपेपर्यंत मी हलले नाही.

"अजून एक घ्या," मी म्हणाले.

"बस झालं, ताई."

"घ्या हो. व्याही अर्धपोटी उठलेले आमच्याकडं चालत नाहीत."